गाडीला न चाललेलं पाणी

माझा नवरा मला बघायला आला आणि आमच्या अंगणात थुंकला.

खोटं नाही सांगत. अख्खी वाडी बघत होती.

आज आमच्या यांना, म्हणजे सुधाकररावांना, जाऊन वर्ष झालं. वर्षभर जो भेटतो तो त्यांच्या चांगुलपणाचं सांगतो. ऐकून ऐकून मला वाटायला लागलंय, मी कुठल्या संताबरोबर संसार केला की काय! म्हणून आज ही गोष्ट.

शहाऐंशीचा वगैरे एप्रिल असेल. माझं माहेर रत्नागिरीजवळ, खाडीच्या अगदी तोंडाशी. बाबांची मासेमारीची लाँच होती.

दारात एक पांढरी सेकंडहँड गाडी येऊन थांबली. बॉनेटमधून वाफ येत होती.
गाडीतून मुलाची आई आणि मामा उतरायच्या आधी मुलगाच उडी मारून उतरला. नमस्कार नाही, काही नाही.

"पाणी मिळेल?"

माझ्या आईला वाटलं, पोराला तहान लागली. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. आईने बावीवरून कळशी भरून आणली आणि तांब्या यांच्या हातात दिला.

यांनी एक घोट घेतला. तोंडात घोळवला.
आणि बाजूला थुंकले.

"मचूळ आहे. नाय चालणार."

मुलीच्या घरचं पहिलं पाणी, आणि ते थुंकलं! बाबांचा चेहरा लालबुंद झाला.

"गाडी फिरवा," बाबा म्हणाले. "अख्खी वाडी ह्या बावीचं पानी पिऊन वाढली. ज्याला आमचं पानी नको, त्याला आमची पोर कशाला दावू?"

मी आत नवी साडी नेसून बसलेली. यांचा फोटो बघूनच मी मनातल्या मनात हो म्हटलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. आता सगळं पोह्यांच्या आधीच आटपणार, असं वाटून मी रडायच्या बेतात आले.

तेवढ्यात यांचा आवाज आला.

"काका, माणसाला चालतं. गाडीला नाय चालत."

आणि स्वारी सुरू झाली! यांचं रत्नागिरीत गॅरेज. वाटेत पाइपाचा क्लॅम्प सैल झाला, कुलंट सांडलं. आता त्यात मचूळ पाणी घातलं तर मीठ रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून खाणार.

"कुलंट म्हंजे काय?" बाबांनी रागातच विचारलं.

यांनी डिकीतून हिरव्या पाण्याचा कॅन काढला. तेव्हा आमच्याकडे रेडिएटरमध्ये सगळे नळाचं नाहीतर विहिरीचंच पाणी ओतायचे. गल्फला गेलेल्या मित्रांकडून लोक सेंट मागवायचे, टेपरेकॉर्डर मागवायचे. यांनी कुलंट मागवलेलं.

"हे इंजिनाला तापू देत नाही. अर्धं हे आणि अर्धं शुद्ध पाणी. नुसतं हे घालूनही भागत नाही."

शेजारच्या काकी मदतीला धावल्या. "मग शहाळी फोडू काय रे? गोड पानी हाय."

"नको काकी, साखर चिकटते." हे अगदी गंभीरपणे.

शुद्ध पाणी म्हटल्यावर मला माळा आठवला. लाँचच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा कॅन तिथे असायचा.

बोलावल्याशिवाय मुलीने बाहेर यायचं नसतं. मी आले. पोह्यांच्या बशीऐवजी हातात कॅन.

"हे चालेल?"

नवऱ्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य.

यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कॅनकडे बघितलं.
"चालेल काय, हेच पाहिजे!"

"तू आत जा गो!" बाबा ओरडले. रेडिएटरपेक्षा बाबाच जास्त तापले होते.

पण इंजिन थंड होईपर्यंत झाकण उघडायचं नाही, म्हणून गाडी हलेना. मग पाहुणेही हलेनात. बसले सगळे अंगणात, एकमेकांकडे न बघता.

शेवटी यांनी पाइपाचा क्लॅम्प आवळला आणि फडकं धरून झाकण हळूच उघडलं. बादलीत दोन्ही मिसळून थोडं थोडं ओतलं. इंजिन चालू केलं. आतले बुडबुडे वर आले, पातळी खाली गेली, परत ओतलं. बाबाही इंजिनाचाच माणूस. जरा जरा करत जवळ सरकले आणि कधी बादली धरून उभे राहिले, त्यांनाही कळलं नाही.

काम झाल्यावर यांनी हात धुतले. आईकडे तांब्या मागितला.
तेच पाणी. तोंड वाकडं न करता सगळं प्यायले.

बाबांनी रिकामी बादली खाली ठेवली. मग आत बघून म्हणाले, "पोहे आन गो."

लग्नात बाबांनी आहेर म्हणून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन दिला. वर हार घालून!

पुढे प्रत्येक वेळी माहेरी गेलं की बाबा दारात तांब्या घेऊन उभे. "गाडीला नको, जावयाला द्या." आणि हे चप्पल काढायच्या आधी तो रिकामा करायचे.

संसारभर मी यांना कुलंट बदलताना बघितलं. जुनं काढून टोपात धरायचे आणि झाकून उंचावर ठेवायचे, कारण ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात. मुलाने नवी गाडी घेतली, तिच्यात कुलंट गुलाबी. त्याला म्हणाले, "रंग बघून घेऊ नको. गाडीचं पुस्तक बघ. आणि दोन जातीचं एकात ओतू नको."

गेल्या वर्षी, शेवटच्या दिवसांत यांचं खाणं तुटलं. एका सकाळी डोळे उघडून म्हणाले, "बावीचं आण."

भावाने बाटली भरून आणली. देवघरात गंगाजल होतं, ते तसंच राहिलं.

मी चमच्याने तोंडात घातलं. एप्रिलच होता. "मचूळ आहे हो," मी म्हटलं.

यांनी घोट तोंडात धरला. माझ्याकडे बघितलं. या वेळी माझ्याकडेच.

आणि गिळला.

अहो, आज फोटोपुढे माहेरचा तोच तांब्या बावीच्या पाण्याने भरून ठेवलाय.
तुमची फार आठवण येते. नमस्कार करते.