आश्वासन, नग एक

वडील बुधवारी सकाळी गेले. दहाव्या दिवशी कामवारी नदीच्या घाटावर आमदार आले आणि त्यांनी वडिलांच्या वहीत सही केली.

वहीबद्दल आधी सांगायला हवं. वडील सैन्यात स्टोअर सांभाळत. बंदूक त्यांनी शिकण्यापुरती चालवली. बाकी नोकरीभर कांबळी, बूट आणि मच्छरदाण्या मोजून दिल्या, मोजून परत घेतल्या. सहीशिवाय ते कुणाला बुटाची नाडी देत नसत आणि सहीशिवाय स्वतः काही घेतही नसत. निवृत्त होऊन भिवंडीला आल्यावरही ही सवय सुटली नाही. आमचा दूधवाला पहिला आठवडा वैतागला, दुसऱ्या आठवड्यापासून आल्या आल्या पेन मागायला लागला.

आमच्याकडे पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला माजी सैनिकांचा सत्कार होतो. शाल, नारळ आणि भाषण. वडील काखेत एक लांबट वही घेऊन जात. पाहुण्यांनी शाल घातली की ते वही पुढे करत. पुढाऱ्यांना समोर आलेल्या कागदावर सही करायची सवय असते, वाचायची नसते. एकानेही वाचलं नाही. वाचलं असतं तर दिसलं असतं: शाल, नग एक. श्रीफळ, नग एक. आश्वासन, नग एक. शेवटच्या रकान्यात वडील घरी आल्यावर शेरा लिहीत. ‘शाल ठीक. नारळ नासका. आश्वासन पुढील वर्षी तपासावे.’

पुढल्या वर्षी ते खरोखर तपासत. मी शाळेत ग्रंथपाल आहे. पुस्तकांची वार्षिक मोजणी मला ठाऊक होती. आश्वासनांची मोजणी मी फक्त आमच्या घरी पाहिली.

शेवटची दोन वर्षं वहीत एकच विषय होता, काकींचा. काकी शेलार गावच्या. त्यांचा नवरा वडिलांच्या पलटणीत होता. पेन्शन बसायच्या आत आजारपणामुळे तो घरी आला आणि काही वर्षांनी वारला. अशा विधवांना सरकारकडून दरमहा थोडं अनुदान मिळायचं. ते थांबलं. मग काकी साठी ओलांडल्यावर पुन्हा कारखान्यात कांड्या भरायला जाऊ लागल्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायला. डोळ्यांत मोतीबिंदू. सूत तुटलं की दिसायचं नाही, बोटांना कळायचं. मुकादम ओरडायचा. अनुदान सुरू झालं तरच त्यांचं ते काम सुटणार होतं.

वडील त्यांना घेऊन ठाण्याच्या एका कार्यालयात गेले. मीही होतो. टेबलामागचा माणूस म्हणाला, “वरून निधी आला नाही.”

“वरून म्हणजे कुठून?” वडिलांनी विचारलं.

“वरून म्हणजे वरूनच, बाबा.”

वडील खरोखर जिना चढून वर गेले. वरच्या मजल्यावर कॅन्टीन होतं. तिथे त्यांनी आम्हा तिघांसाठी चहा घेतला आणि खाली येऊन त्या माणसाला सांगितलं, “वर विचारलं. निधी तिथं नाही. भजी आहेत.”

परत येताना बसमध्ये ते म्हणाले, “पलटणीच्या लंगरमध्ये, जेवणाच्या वेळी डाळ नसली की एक माणूस जबाबदार असतो. त्याला उभं करून विचारता येतं. इथं तो माणूस कोण, एवढंच शोधायचंय.”

मी त्यांना राज्याच्या अर्थसंकल्पाचे जाडजूड खंड एका ग्रंथालयातून आणून दिले. मला वाटलं, दोन पानांत कंटाळतील. त्यांनी ते स्टोअरच्या यादीसारखे वाचले, ओळीखाली पट्टी धरून. तिसऱ्या आठवड्यात काकींच्या अनुदानाची ओळ सापडली. आदल्या वर्षी तिच्यासमोर रक्कम होती, या वर्षी आडवी रेघ. ते पान त्यांनी हाताने वहीत उतरवून घेतलं.

त्या पंधरा ऑगस्टला त्यांनी आमदारांना गाठलं. आमदार सत्तेतल्या बाजूचे, स्वभावाने गोड.

“साहेब, अर्थसंकल्प मंजूर झाला तेव्हा तुम्ही हात वर केला होता?”

“केला ना, हवालदारसाहेब. आमच्या सगळ्यांनीच केला.”

“हे पान वाचून केला?”

आमदार हसले. “एवढी पानं कोण वाचतं? आणि सैनिकांचा विषय केंद्राचा. तुम्ही खासदारांना भेटा.” एवढं बोलून त्यांनी वहीत सही केली. वडील खासदारांना भेटले. ते म्हणाले, अनुदानाचा विषय राज्याचा, आमदारांना भेटा. त्यांनीही सही केली. वडिलांनी दोन्ही सह्यांना मिळून एकच शेरा लिहिला: ‘दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. बोटे तपासली, ठीक आहेत.’

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर वडील गेले.

आमच्या भागात दशक्रियेला पुढारी येतात आणि माईकवरून श्रद्धांजली वाहतात. आमदारांच्या बरोबरचा माणूस आल्याआल्या माझ्या कानाशी लागला. “साहेबांना अजून दोन दशक्रिया आहेत. एक पूर्णाला, एक खारबावला. जरा लवकर घ्या.” मी मुंडण करून ओल्या धोतरात बसलो होतो. लवकर घेण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

पिंड ठेवला. घाटावरच्या पिंपळाला कर्णा बांधला होता, त्यातून आमदार बोलू लागले. आवाज फुटल्याबरोबर पिंपळावरचे कावळे उडाले आणि पलीकडच्या कारखान्याच्या पत्र्यावर जाऊन बसले. हे मी पाहिलं. बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या.

भाषण संपलं. कर्णा चालूच होता, नुसता घरघरत. कावळा येईना. भावकीतले एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागले. “घर नीट सांभाळू, काळजी करू नका.” कावळा नाही. “मुलाचं लग्न करू.” माझी परवानगी कुणी घेतली नव्हती, कावळाही आला नाही. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला.

“थांबा की, गुरुजी,” काकी मागून म्हणाल्या. “त्यांच्या मनात काय हाय ते मना ठावं हाय.” त्या पुढे आल्या आणि आमदारांसमोर उभ्या राहिल्या. “माजं अनुदान.”

सगळे आमदारांकडे बघू लागले. आमदारांनी पिंडाकडे बघून हात जोडले. “केंद्राकडे पाठपुरावा करतो, हवालदारसाहेब.”

पत्र्यावरच्या एका कावळ्याने मान फिरवली.

“बगा,” काकी म्हणाल्या. “केंद्र नको बोलतात. तुमीच पायजे.”

“बरं, मी स्वतः लक्ष घालतो.”

“लक्ष लय जणांनी घातलं. आन् कावला हाय तो, कार्यकर्ता न्हाय. नुसत्या बोलण्यावर यायचा न्हाय.”

मागे कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. मी इतकंच केलं, वही मागवली. आई गेल्यापासून घरातल्या किल्ल्या काकींना ठाऊक होत्या; वही त्यांच्या पिशवीतच होती. मी ती आमदारांपुढे धरली. ते नेहमीप्रमाणे सही करायला वाकले आणि थांबले. सगळा घाट बघत होता, म्हणून असेल, पण त्यांनी वाचलं. आश्वासन, नग एक. मागची पानं उलटली. स्वतःच्या सह्या पाहिल्या, शेरे पाहिले. बोटांचा शेरा वाचून त्यांनी नकळत हात खिशात घातला.

“काय लिहू?” त्यांनी मला विचारलं. माझ्याशी ते पहिल्यांदाच बोलत होते.

“जबाबदार कोण, तेवढं लिहा,” मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं: ‘येत्या अधिवेशनात मी विचारीन. अर्थसंकल्पात अनुदानाची ओळ कोरी राहिली तर जबाबदार मी.’ खाली सही. ते सही करत असताना मी माईकवाल्याकडे पाहून दोन बोटांनी बटण फिरवल्याची खूण केली. घरघर थांबली. लोक वही बघायला आमदारांभोवती गोळा झाले, पिंडाजवळ कुणी उरलं नाही. कावळा आला, एकदा चोच मारून बघितलं, मग व्यवस्थित जेवला.

आमदारांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या माणसाने पूर्णाच्या दशक्रियेची आठवण करून दिली तर ते म्हणाले, “थांब रे जरा.”

कर्ण्याचं मी कुणाला सांगितलं नाही. काकींनाही नाही. त्यांनी मात्र घरी आल्यावर मला चहा देताना विचारलं, “बटण तू बंद करवलंस ना रं?” मी चहा पीत राहिलो. “मना काय,” त्या म्हणाल्या. “डोलं गेलं, कान हायत.”

आमदारांनी अधिवेशनात प्रश्न विचारला. पुढच्या अर्थसंकल्पाचा खंड मी आणला आणि पट्टी धरून ती ओळ शोधली. रेघेच्या जागी रक्कम होती. त्यानंतरची निवडणूक आमदार हरले. घाटावरची गोष्ट ते अजून सांगतात, आणि त्यांच्या गोष्टीत आता तीन कावळे असतात.

काकी कांड्या भरायला जात नाहीत. अनुदान येतं, कधी दोन महिने उशिरा. वही माझ्याकडे आहे. त्या शेवटच्या नोंदीपुढे मी ‘मिळाले’ असं लिहिलं आहे. आधीच्या नोंदींपुढे वडिलांचे शेरे आहेत, आणि मागची काही पानं कोरी आहेत.