काडी कोणी मोडली

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासून सगळे म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी बांधलीय. त्या वर्षी मात्र भिंगरीनं कहर केला. लोणावळा ते वडगाव, वडगाव ते कामशेत, कामशेतहून टमटमनं धरणाकडची गावं आणि परत लोणावळा. कशासाठी, तर माझा घटस्फोट झाला आहे एवढंच सांगणारा एक कागद हवा होता. घटस्फोट झाला होता याबद्दल कुणालाच शंका नव्हती. अख्ख्या नाणे मावळाला ते ठाऊक होतं. कागद मात्र कुणाकडेच नव्हता.

माझं पहिलं लग्न वडिवळ्याला झालं होतं. नवरा हात उचलायचा. वर्षभर सोसलं आणि एका दुपारी भाताच्या बांधाबांधानं चालत माहेरी आले. आई चुलीपुढे होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नांदनं आसंच आसतंय. चार दिस ऱ्हा आन् परत जा." एवढंच. माझ्या दंडावर वळ होते, ते तिनं पाहिले की नाही हेही मला कळलं नाही. वडिलांनी मात्र पंच बसवायचं ठरवलं. आमच्याकडे नवरा-बायकोचं पटलं नाही तर दोन्हीकडची जाणती माणसं बसतात, भाताच्या पेंढ्यातली एक काडी घेतात. एक टोक मुलाकडच्यांच्या हातात, दुसरं मुलीकडच्यांच्या. काडी मोडली की सोयरीक मोडली. म्हणूनच त्याला काडीमोड म्हणतात. त्यासाठी कोर्टाची पायरी आमच्यात कुणी चढत नाही.

पंच आमच्या पडवीत बसले. बायकांनी तिथं जायचं नसतं, म्हणून मला मागच्या खोलीत बसवलं होतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. आई मध्ये एकदा उठून गेली, परत आली आणि तांदूळ निवडायला बसली. माझ्याकडे तिनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. थोड्या वेळानं वडील आत येऊन म्हणाले, "मोडली काडी. सुटलीस." मी सुटले, पण आईचा तो उतरलेला चेहरा मनात रुतून बसला. मी परत जावं हीच तिची इच्छा होती, असंच मी धरून चालले. त्या घरात मग मला चैन पडेना. सुगी संपायच्या आत मी लोणावळ्याला एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला लागले. गावाकडच्या बायका मला 'टाकलेली' म्हणत, आणि आई त्यांना काही बोलत नसे. ती गेली तेव्हा मी सगळं रीतीनं केलं, पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

आता चाळिशी जवळ आल्यावर एक माणूस भेटला. रेल्वेत यार्डात काम करणारा, बायको वारलेली, बोलायला गमत्या. लग्न करायचं ठरलं. रेल्वेच्या कागदांत माझं नाव लागायचं तर लग्न नोंदवायला हवं, आणि नोंदवायचं तर पहिला नवरा कुठं गेला ते दाखवायला हवं. नोंदणीच्या कचेरीतल्या बाईंनी सरळ सांगितलं, "घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत आणा."

आणा म्हणजे काय! मी त्याच दिवशी गावाकडे गेले. ग्रामपंचायतीतला माणूस चांगला होता, हसला आणि म्हणाला, "ताई, जन्म, मृत्यू आणि लग्न, एवढंच आम्ही लिहितो. मोडलेलं लिहायला आमच्याकडे रजिस्टरच नाही." तिथून वडगावला कोर्टात गेले. नकलेचा अर्ज भरला. केस नंबरचा रकाना आला आणि पेन थांबलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "केसच झाली नाही तर नक्कल कशाची देऊ?" मी तिथंच त्याच्याशी भांडले. त्याचा काही दोष नव्हता, पण कुणाशी तरी भांडल्याशिवाय मला परतीच्या गाडीत बसवलं नसतं.

कोर्टाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक तरुण वकीलबाई बसायच्या. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. सोपी वाट म्हणजे दोघांनी मिळून आता अर्ज करायचा की आम्हाला घटस्फोट द्या. वर्षाच्या आत कागद हातात. अवघड वाट म्हणजे दावा लावायचा आणि काडीमोड खरोखर झाली, रिवाजाप्रमाणे झाली, हे साक्षीपुराव्यानं सिद्ध करायचं. त्याला किती काळ लागेल ते देव जाणे. मी सोपी वाट धरली. पहिल्या नवऱ्याला फोन केला. तो इतक्या वर्षांत मऊ झाला होता की थकला होता, कोण जाणे. म्हणाला, "कुटं सही करायची सांग, येतो." मला वाटलं, संपलं.

शनिवारी त्याची आताची बायको लाँड्रीच्या दारात उभी राहिली. शनिवार म्हणजे आमच्याकडे उरावर काम. भुशी डॅमला आलेली सगळी गर्दी रात्री आमच्याच चादरींवर झोपणार असते. मी हातातला गठ्ठा खालीसुद्धा ठेवला नाही.

ती म्हणाली, "ताई, मला तुमच्याशी भांडायचं न्हाई. येकच इचारते. तुमी आत्ता सोडचिठ्ठी घेनार. म्हंजी आत्तापत्तुर तुमी त्येंची बायको. मंग मी कोन? माजी पोरं कुनाची?"

"ते तुझ्या नवऱ्याला विचार," मी म्हटलं.

"त्यो म्हनतो, कागदाचं काय यवढं. त्येला काय हुतंय? बापय मानूस हाय. जमिनीची वाटनी निगाली की दीर समद्यात आदी हेच इचारनार."

तिला मी घालवून दिलं. तिचा राग आला होता. खरं तर राग आला तो तिचं बरोबर असण्याचा. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले. माझ्या घाईसाठी एका बाईचा संसार कागदावर बेकायदा ठरणार होता, आणि त्या बाईनं माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. सकाळी मी वकीलबाईंना फोन करून सांगितलं, दावा लावू. यार्डातला माणूस एवढंच म्हणाला, "सवतीसाठी लग्न लांबवणारी तू पहिलीच." मग म्हणाला, "थांबू." त्याला थांबता येतं. मला येत नाही, हेच तर दुखणं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण सहा महिन्यांत तर आमची नुसती तारखांची ओळख झाली. प्रत्येक तारखेला मी कोर्टाच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायचे. शिपाई वैतागून म्हणायचा, "बाई, बसा की, चक्कर येतीय मला." दर वेळी त्याची बायको पण यायची, डब्यात तांदळाची भाकरी घेऊन. आधी आम्ही लांब लांब बसायचो. नंतर एका बाकावर बसायला लागलो, म्हणजे ती बसायची आणि मी तिच्यापुढे येरझारा घालायचे.

अडचण निघाली ती साक्षीदारांची. मी दावा लावला खरा, पण माझीच साक्ष कुचकामी निघाली. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "काडी कोणी मोडली?"

"वडिलांनी."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही. मी आत होते."

"आणि तुमचे पती?"

तो तर त्या दिवशी आलाच नव्हता; त्याच्या बाजूनं त्याचा बाप आणि चुलता बसले होते. ज्यांचं मोडलं ते दोघंही तिथं नव्हते. मॅडमनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पडवीत बसलेल्यांपैकी वडील गेले, तो बाप गेला, चुलता गेला. उरले होते आमच्या वाडीचे एक आबा, तेही ऐकायला कमी येणारे. त्यांना मी भेटायला गेले तर म्हणाले, "हुतो की मी. पर आता कशाला ते उकरायचं?" आणि तोंड फिरवून बसले. मला त्यांचा इतका संताप आला की त्यांच्या दारातून मी चहासुद्धा न घेता निघाले.

आबांना आणलं ते तिनं. काय सांगितलं, कसं सांगितलं, माहीत नाही. पुढच्या तारखेला ती टमटममधून उतरली आणि तिच्या मागून धुतलेलं धोतर नेसलेले आबा. "म्या म्हनलं, आबा, माजी पोरं तुमाला सराप देत्याल," ती माझ्या कानात म्हणाली. हसावं की रडावं कळेना.

पुकारा झाला. आबा पिंजऱ्यात उभे राहिले. वकीलबाई मोठ्यानं विचारत होत्या, कारण हळू बोललेलं त्यांना पोचत नव्हतं. सगळं कोर्ट ऐकत होतं.

"काडी कोणी मोडली, आबा?"

आबांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "बाईसायब, काडी मोडलीच न्हाई."

वकीलबाईंचा चेहरा पांढरा पडला. माझ्या शेजारी बसलेल्या तिनं माझं मनगट घट्ट धरलं. मॅडम म्हणाल्या, "नीट सांगा."

"पावसाचं दिस. पेंढा वला झालता. काडी लवायची, पर तुटायची न्हाई. हिच्या बापानं वढली, त्येंनी वढली. मंग त्यो चुलता म्हनला, द्येवाच्याच मनात न्हाई, पोरीला परत धाडा. हिचा बापबी गप झाला. म्हनला, तसंच आसंल तर धाडतो." आबांनी माझ्याकडे पाहिलं. "तवा हिची आई आतनं आली. समद्या बापयांत. बापाच्या हातातली काडी घेतली, दाताखाली धरली आन् तोडली."

मॅडमनी विचारलं, "काही बोलली?"

"म्हनली, 'पोरगी माजी हाय.' आन् आत ग्येली."

"मग हे इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?"

"पंचाच्या काडीला बाईमानसानं हात लावला, बाईसायब. आमची काय अब्रू ऱ्हायली? आमी ठरिवलं, बापानं मोडली म्हनायचं. तिलाबी म्हनलं, कुटं बोलू नगंस. तिनं शबूद पाळला."

"पण मग ती काडीमोड पंचांनी मान्य केली का?"

"केली की. तुटली म्हनल्यावर तुटली. दोनी पार्टींनी सुपारी खाल्ली आन् उठली. वरसानं त्येनं दुसरं लगीन क्येलं, तवाबी कुनी आडवं आलं न्हाई. ही बसलीय की त्याची बायको."

मॅडम टंकलेखकाला सांगू लागल्या आणि तो लिहू लागला, की वादीच्या आईने सदर काडी आपल्या दातांनी तोडली व उपस्थित पंचांनी ते मान्य केले. मला पुढचं ऐकू आलं नाही. तांदूळ निवडणारी, मान खाली घातलेली आई दिसत होती. ती माझ्यावर रुसली नव्हती. ती घाबरलेली होती. अख्ख्या पडवीच्या विरोधात जाऊन आली होती आणि आता हे कुठं बोलायचं नाही म्हणून तोंड मिटून बसली होती. मरेपर्यंत मिटून होती. आणि मी तिच्याशी धड दोन वाक्यं बोलत नव्हते.

मी बाहेर आले. कोर्टाच्या आवारात, स्टँपपेपर विकणाऱ्याच्या टेबलाशी, सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडले. ती आबांना सावलीत बसवून आली, पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमच्या आईनं माजंबी लगीन लावलं की वो, ताई." मला रडतारडता हसू फुटलं आणि मग आणखी रडू आलं.

निकाल लागायला पुढच्या काही तारखा गेल्या. लागला तो आमच्या बाजूनं. लग्न काडी तुटली त्याच दिवशी, त्या पडवीत संपलं असं कोर्टानं मान्य केलं. मी त्याच खिडकीशी नकलांचा अर्ज घेऊन उभी राहिले. कारकुनानं ओळखलं, पण दाखवलं नाही. प्रत्येक प्रतीसाठी कारण लिहावं लागतं. पहिल्या प्रतीपुढे मी 'विवाह नोंदणीकरिता' लिहिलं. दुसरी तिच्यासाठी होती, तिथं वकीलबाईंनी सांगितलं तसं 'वारस नोंदीकरिता' लिहिलं. तिसरीपुढे काय लिहावं सुचेना. 'आईसाठी' लिहिलं.

कारकुनानं वाचलं. "आई दाव्यात पक्षकार आहे?"

"नाही."

"मग अर्जावर त्यांची सही लागेल."

"ती नाही आता."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, अर्ज माझ्याकडे परत सरकवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तिथं 'वैयक्तिक' असं लिहा."

मी 'आईसाठी' खोडलं आणि वर 'वैयक्तिक' लिहिलं.