कौसल्याबाईंचा पितळी बिल्ला

धावड्याच्या कौसल्याबाई मजुरी करायच्या. १९७४ साली अल्सरमुळं त्यांचं अर्धं जठर काढावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पुढं कुण्याही डॉक्टरला हे आधी सांगा. पोटात नळी घालू देऊ नका."

पण बेशुद्ध माणूस सांगणार कसं? बाईंनी भोकरदनच्या तांबटाकडून पितळी बिल्ल्यावर कोरून घेतलं: 'अर्धं जठर काढलं आहे. नळी घालू नका.' बिल्ला त्या पदरावर उघडा लावत.

जाऊ म्हणाली, "बाया हसून राह्यल्या. पदराखाली तरी लाव."

"झाकला तर वाचील कोण?"

दोन वर्षांनी फवारलेल्या कपाशीत त्या बेशुद्ध पडल्या. जाऊनं बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. विषबाधा समजून तिथल्या डॉक्टरनं पोट धुवायला नळी उचलली, पण बिल्ला वाचून खाली ठेवली. रक्त तपासलं तर साखर उतरली होती. सलाईनमधून साखर गेली तशी बाईंनी डोळे उघडले.

"हे कुणी सुचवलं?" डॉक्टरनं विचारलं.

"कुणी न्हाई. पोट माझं, मंग ध्यान बी मीच ठिवायचं."

घरी आल्यावर जाऊनं तो बिल्ला मागून घेतला आणि चिंच लावून लख्ख घासून दिला.