विरजणाच्या खोलीतली आत्या

माझी आत्या दह्याच्या कारखान्यात विरजणाच्या खोलीत कामाला होती. अधूनमधून तिथे अख्खी टाकी नासायची. विरजणातल्या जिवाणूंनाच विषाणू लागायचा, ते पटापट मरायचे आणि दूध पातळ ते पातळच राहायचं. मग सगळं गटारात ओतून टाक्या घासायच्या.

"दिसतच नाही मेलं, तर भांडायचं कुणाशी?" आत्या वैतागायची.

तरी काही जिवाणू तग धरायचे. संशोधक ते उचलून न्यायचे. असा वाचलेला जिवाणू विषाणूच्या जनुकाचा तुकडा आपल्यात जपून ठेवतो आणि तोच विषाणू पुन्हा आला की ओळखून त्याला कापतो, हे पुढे कळलं. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी ती कात्री हस्तगत केली आणि माणसाची जनुकं दुरुस्त व्हायला लागली.

आत्याला हे कळलं निवृत्तीनंतर, टीव्हीवर. रक्ताच्या आजारातून बरी झालेली एक मुलगी पडद्यावर हसत होती. आत्या भाजी ढवळायची थांबली. तिची लेक, आमची चिमणी, त्याच आजाराची. लहानपणापासून दुसऱ्यांच्या रक्तावर जगलेली.

आम्ही तिघं मोठ्या रुग्णालयात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करवल्या, अहवाल पुन्हा पुन्हा पाहिले.

"मावशी, उपचार खरा आहे. पण दुरुस्त केलेल्या पेशी अंगात सोडण्याआधी हाडांतली जुनी मज्जा जबर औषधांनी रिकामी करावी लागते. इतकी वर्षं रक्त चढवून हिच्या हृदयात लोह साचलंय. ते हृदय एवढं सोसणार नाही."

"मग लोह काढा."

"औषध चालू आहेच. झालेली इजा भरून येत नाही."

"आधी आलो असतो तर?"

"आधी हा उपचारच नव्हता, मावशी."

आत्याला भांडायलाही कुणी उरलं नाही. चिमणीच म्हणाली, "आई, तुझे जंतू बघ किती नशीबवान! मी मेली माणूस झाले." आणि एकटीच हसली. आत्याने तिच्या ओढणीचं टोक सारखं केलं. मग पुन्हा केलं.

चिमणी अजून आहे. रक्त चढवायच्या दिवशी आत्या खाटेशी उभी असते. नळी बघते, चादर ओढते, पिशवीत उगाच काहीतरी शोधते.

"बस ना गं."

"बसते," म्हणते, आणि उभीच राहते.