शून्य एक सात नऊ

डाव्या अंगठ्यानं ऑल्टची कळ दाबून धरायची, उजव्या हातानं बाजूच्या आकड्यांवर चार ठोके द्यायचे आणि ओठांतल्या ओठांत तेच आकडे पुटपुटायचे: "शून्य एक सहा एक." अंगठा उचलला की पडद्यावर चंद्रबिंदू हजर. हे सगळं करताना ताईंची नजर कागदावरून हलायची नाही.

नवं राज्य झालं त्या काळातल्या सरकारी कचेऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना आठवत असेल. खोल्या नव्या, खुर्च्या उसन्या, आणि जुन्या राजधानीतून ट्रकनं आलेल्या फायली व्हरांड्यात छतापर्यंत रचलेल्या. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले होते. पण आमच्या हिंदी फॉन्टमधली सगळी अक्षरं कळांवर मावत नसत. उरलेली आकड्यांमागे लपलेली असत. आम्ही बाकीचे चिन्हांचा तक्ता उघडायचो आणि माउसनं एकेक घर चाचपत बसायचो. एक 'क्र' सापडेपर्यंत चहा निवायचा. ताईंना मात्र सगळे आकडे पाठ होते.

ऑफिसात सगळे त्यांना दीदी म्हणत. मराठी आम्ही दोघंच: मी इथल्याच ब्राह्मणपाऱ्यातला, त्या मूळच्या वर्ध्याकडच्या, लग्न होऊन इथल्या पुरानी बस्तीत आलेल्या. म्हणून आमच्या दोघांपुरतं ताई आणि भाऊ.

"भाऊ, तक्ता काहून उघडता? बोटाईले शिकवा. डोकं विसरते, बोटं नाही विसरत," असं त्या म्हणायच्या. मलाही त्यांनी वीसेक आकडे शिकवले. पडदा बंद करून, टेबलाच्या लाकडावर. त्या ठोके द्यायच्या आणि मी अक्षर ओळखायचं. शून्याला अंगठा, खालच्या ओळीतला एक तर्जनीनं, वरच्या ओळीतला सात पुन्हा तर्जनीनं, नऊ अनामिकेनं. जेवणाच्या सुट्टीत आमचा हा खेळ चाले आणि शिपाई लोक हसायचे.

नावाच्या बाबतीत त्या फार हट्टी होत्या. अर्जात ज्यानं जसं लिहिलं, तसंच यादीत यायला हवं. "आपलं काय जाते? चार ठोके," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा अनुकंपा नियुक्तीची यादी आली. नोकरीत असताना वारलेल्या कर्मचाऱ्यांच्या मुलाबाळांची नावं. संध्याकाळी पाचच्या आत ती वर पाठवायची होती आणि साहेब दर दहा मिनिटांनी दारात येऊन उभे राहत होते. यादीत दोन ओळी जवळजवळ सारख्या होत्या. एक मंगली, वडील बिसाहू. दुसरी मङ्गली, वडील बिसाहू. दुसरीच्या अर्जावर नाव जुन्या पद्धतीनं, अनुस्वाराऐवजी ङ घालून लिहिलेलं होतं. ताईंनी तसंच टाइप केलं होतं. गावाचा रकाना साहेबांनी जागा वाचवायला काढून टाकला होता.

साहेब म्हणाले, "ये तो एक ही है. डबल हो गया. काटो."

"सर, दोन बाया आहेत," ताई घाईत मराठीतच बोलल्या. मग हिंदीत म्हणाल्या, "दोनों के अर्ज अलग हैं."

"पाँच बज रहे हैं, दीदी."

ताईंनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो, दुसरी ओळ निवडली आणि पुसली. एक कळ दाबायला किती वेळ लागतो? यादी वेळेत गेली.

जाताना जिन्यात ताई एवढंच म्हणाल्या, "अर्ज पाहून घेतला असता, भाऊ." पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही. सहा वर्षं गेली. साहेब बदलले, आमचं ऑफिस तेलीबांध्याकडच्या नव्या इमारतीत गेलं, नवे फॉन्ट आले. आकड्यांची गरज कोणाला उरली नाही. पुसलेल्या ओळीतली ती बाई मी पार विसरलो होतो.

मग एका सकाळी ताई देवघरासमोरच कोसळल्या. डावं अंग गेलं आणि शुद्धही गेली. पाचव्या दिवशी मी दवाखान्यात गेलो तेव्हा दुपारची भेटायची वेळ होती. त्यांचा मुलगा उशाशी बसला होता. तो मराठी समजतो, उत्तर हिंदीत देतो.

"अंकल, मम्मी का हाथ देखिए. चार दिन से यही चल रहा है."

डोळे मिटलेले, चेहरा मेणासारखा स्थिर, श्वास संथ. फक्त उजवा हात चादरीवर हलत होता. डॉक्टर म्हणाले होते, आजारात असं होतं, त्याला काही अर्थ नसतो. मुलानं तो हात धरून पाहिला, वर उशी ठेवून पाहिली. सोडला की पुन्हा सुरू.

मी जवळ बसलो. अंगठा. तर्जनी खाली. तर्जनी वर. अनामिका. थोडं थांबून पुन्हा तेच. शून्य, एक, सात, नऊ.

ङ.

"कुछ समझ में आया, अंकल?" मुलानं विचारलं.

मी नाही म्हणालो. उठता उठता त्यांच्या कानाशी वाकलो आणि हळूच म्हणालो, "ताई, समजलं मले." हात थांबला नाही. उलट ठोके जड झाले, पलंगाच्या लोखंडातून ते माझ्या गुडघ्याला जाणवू लागले.

पुढचे तीन दिवस मी जुन्या फायलींच्या खोलीत काढले. तिथल्या धुळीत एकटा बसलो असताना माझीच बोटं गठ्ठ्यांवर तेच चार ठोके देऊ लागत. लक्षात येताच मी हात खिशात घालायचो. चौथ्या दिवशी दोन्ही अर्ज सापडले. गावं वेगळी होती. एकीचे वडील महासमुंदकडचे शिपाई, तिला नोकरी मिळाली होती. दुसरीचे आरंगकडचे, आमच्याच खात्याच्या संस्कृत पाठशाळेत चौकीदार. त्या अर्जाला जोडलेली तीन स्मरणपत्रं होती. एकावरही कोणी शेरा मारला नव्हता.

मी टिपण लिहायला बसलो. ओळ मी पुसली, हे आधी लिहिलं. मग तिचं नाव. नव्या फॉन्टात आकडे चालत नव्हते म्हणून मुद्दाम जुना फॉन्ट लावला. ऑल्ट दाबली, चार ठोके दिले, अंगठा उचलला. भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होते. नव्या साहेबांनी टिपण दोनदा वाचलं आणि प्रकरण पुन्हा उघडायची सही केली.

तसाच दवाखान्यात गेलो. ताईंचा हात चादरीवर पालथा, शांत पडला होता. मी नर्सला विचारलं, "कब से?"

"तीन बजे के आसपास से. मैं बीपी ले रही थी, तभी रुक गया."

ती वेळ मी दोनदा विचारून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे ताई गेल्या.

प्रकरणाला आठ महिने लागले. मला लेखी ताकीद मिळाली. ती मी फायलीत सरळ लावून ठेवली. मग एका दुपारी मङ्गली रुजू व्हायला आली. चाळिशीकडे झुकलेली, उन्हानं रापलेली, पायांत नव्या चपला. मी रजिस्टर पुढे केलं. तिनं पेन घट्ट धरला आणि चित्र काढावं तसं सावकाश नाव लिहिलं. ङ काढताना जीभ दातांत धरली.

"ए अच्छर ला कोनो नइ लिखय, साहब," ती म्हणाली. "मोर बाबू सिखाय रिहिस. पंडितजी मन करा ले सीखे रिहिस." चौकीदार बाप ते अक्षर पंडितांकडून शिकला होता आणि त्यानं तिला शिकवलं होतं. मग आदेशाच्या कागदावरच्या आपल्या नावावर बोट ठेवून तिनं विचारलं, "एला कोन लिखिस?"

आदेश टाइप मी केला होता, पण मी खिडकीजवळच्या खुर्चीकडे हात केला. ताईंची जागा अजून भरली नव्हती. ताई आता नाहीत, हे सांगायचं राहून गेलं.

मङ्गलीनं पदर डोक्यावर घेतला आणि त्या खुर्चीकडे पाहून, समोर बसलेल्या माणसाला करावा तसा, हात जोडून नमस्कार केला. क्षणभर थांबली. मान हलवून हळूच "हव" म्हणाली, कोणीतरी काही विचारल्यासारखं.

मग ती दाराकडे निघाली. उंबऱ्याशी थबकली, कोणाला तरी आधी जाऊ द्यावं तशी अंग चोरून बाजूला उभी राहिली, आणि मग आपण बाहेर पडली.