कागदावरच्या झाडूवाल्या

तंजावरच्या एका मराठी कंत्राटदाराकडे वेंकूबाई बावीस वर्षं टायपिस्ट होती आणि सांगितलेलं मुकाट्यानं टाइप करत आली होती. नव्वदीनंतर गावात भराभर मजले चढू लागले, तसा मालक अनिरुद्धराव एक लबाडी शिकला. मजुरांच्या विम्याचा हप्ता कामाच्या प्रकारावर ठरतो. उंचीवर चढणाऱ्यांचा जबर, खाली झाडणाऱ्यांचा नाममात्र. मग काय, डोक्यावर घमेलं घेऊन परांची चढणाऱ्या साऱ्या बायका कागदावर झाडूवाल्या झाल्या!

त्यांतली चेल्लम्मा दुसऱ्या मजल्यावरून पडून मेली. विमा कंपनीनं विचारलं, झाडूवाली परांचीवर काय करत होती? कंपनीनं हात वर केले, मालकानंही केले. पोरं उघड्यावर पडली. तो 'झाडूवाली' शब्द वेंकूबाईनंच टाइप केला होता. तिला स्वतःची लाज वाटत होती.

शहाण्णव साली एका कल्याणमंडपाचा, म्हणजे लग्नाच्या कार्यालयाचा, स्लॅब ओतायचा होता. आदल्या दिवशी अनिरुद्धरावानं नवी यादी तिच्यापुढे टाकली. चौदाही बायका झाडूवाल्या.

"अण्णा, हें मी टाइप करणार नाहीं."

"तुझं काय जातें गे? सुब्रमण्यम हातानं लिहील."

विमा एजंट सुब्रमण्यमनं खरंच लिहून दिलं. वेंकूबाईनं मात्र घरी जाऊन खरी यादी टाइप केली.

सकाळी बांधकामावर पूजा झाली, दृष्ट काढायचा भोपळा फुटला, मिक्सर फिरू लागला. सुब्रमण्यम प्रसादाचं सुंडल, उकडलेले हरभरे, खात उभा होता. वेंकूबाई थेट बायकांच्या घोळक्यात शिरली आणि मालकाची यादी तिनं तमिळमध्ये मोठ्यानं वाचून दाखवली.

पडलेल्या चेल्लम्माला उचलणारी अंबा त्यांत होती. तिनं घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसली. "कागदावर आम्ही खालच्या ना? मग आज खालीच."

उरलेली तेरा घमेलीही धडाधड पालथी पडली. मिक्सरमधलं काँक्रीट तासाभरात घट्ट होणार होतं.

"वेंकू, उद्यापासून येऊं नकोस!" अनिरुद्धराव गरजला.

"नाहीं येत. आज इथें सही करा." तिनं पिशवीतून खरी यादी काढली.

त्यानं मिक्सरकडे बघितलं, दातओठ खाल्ले आणि सही केली. वाढीव हप्त्याचा चेकही फाडून दिला. तरी एकही बाई उठेना. शिक्का आणा, मग चढू, म्हणाल्या. सुंडलाचा द्रोण टाकून सुब्रमण्यमनं स्कूटर पिटाळली आणि पाऊण तासात यादीवर विमा कचेरीचा शिक्का मारून घेऊन आला.

अंबाला वाचता येत नव्हतं. "मी वर चढते, असं कुठं लिहिलंय?" तिनं विचारलं.

नोकरी गेलेल्या वेंकूबाईनं त्या ओळीवर बोट ठेवलं. अंबानं ते बोट हलकेच बाजूला सारलं, अंगठ्यानं ओळ चाचपली आणि घमेलं भरून परांची चढू लागली.