इटालियन मोटरसायकलवरचा दावा

बायने तिची मोटरसायकल मला फुकट देऊ केली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की ही म्हातारी बदल्यात माझ्याकडून काय उकळणार?

बाय म्हणजे आमच्या शेजारची ख्रिश्चन म्हातारी. तिचा नवरा आमच्या हायस्कुलात गणित शिकवायचा आणि सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं तेव्हा मास्तरच्या मामाने ही इटालियन मोटरसायकल बोटीवरून उतरवून घेतली होती. मामाला मूलबाळ नव्हतं, म्हणून ती भाच्याकडे आली. लाल टाकी, लांबट बुटका देह, आणि टाकीवर कंपनीचं नाव, त्यातली अर्धी अक्षरं उडालेली. गिअर उजव्या पायाला, कीक डाव्या बाजूला. सगळ्या जगापेक्षा उलटं. मास्तर शाळेच्या फाटकातून आत आला की त्या आवाजाने मागच्या बाकावरचीसुद्धा सरळ बसायची.

एकदा मी फाटकाशी घुटमळत होते तेव्हा मास्तर म्हणाला, "मार बघूया कीक." मी सगळा जीव एकवटून लाथ घातली. तिने अशी उलटी लाथ घातली की माझा घोटा सुजून टम्म झाला. आईने हळद लावता लावता मास्तरचा उद्धार केला. मी मात्र त्याच दिवशी ठरवून टाकलं, की ही गाडी एक ना एक दिवस माझी होणार. पुढे मास्तर गेला आणि गाडी त्यांच्या मांगरात, म्हणजे घरामागच्या पेंढा-नारळ ठेवायच्या खोपीत, उभी राहिली. मी लग्न होऊनही याच गावात, बाबांच्याच घरात राहिले. येता-जाता त्या मांगराकडे माझी मान वळायची ती वळायचीच.

मग मिळत होती तर आनंदाने घ्यावी की नाही? पण माझा स्वभाव तसला नाही. मी खानावळ चालवते आणि दोन खोल्या पर्यटकांना देते. चार माणसं येणार म्हणून फोन करणारे सहाजण घेऊन उतरतात, आणि वर दोन मुलं लहान आहेत म्हणून सांगतात. ती लहान मुलं माझ्यापेक्षा जास्त जेवतात. सुरमईचे कल्ले कितीही लाल दिसले तरी मी बोट घालून बघते. त्यातून आमच्या काजूच्या बागेवरून चुलत्यांशी कोर्टात दावा चालू आहे. माझ्या बाबांनी घातलेला, आता मी लढवते आहे. आमच्या घरात देवाच्या खालोखाल नाव निघतं ते दाव्याचं. दाव्याची तारीख, दाव्याचा वकील, दाव्याचे कागद. अशा घरात वाढलेल्या बाईला कोणी काही फुकट देऊ केलं, तर ती आधी वस्तू उलटी करून बघणारच.

शिवाय मला माहीत होतं, गाडीला गिऱ्हाइकं होती. देवगडचा एक आंब्याचा व्यापारी तिला आपल्या रिसॉर्टच्या दारात उभी करायला मागत होता. गोव्याहून एक जुन्या गाड्यांचा शौकीन दोनदा येऊन गेला. बायने दोघांना कोकम सरबत पाजून वाटेला लावलं. त्यांना नाही आणि मला फुकट. का?

"माका आता तिका सांभाळूक जमणा नाय," बाय म्हणाली. "तू व्हर ती. तुझ्या दारात बांध."

आम्ही मांगरात उभ्या होतो. गाडीचं स्टँड कधीच मोडलेलं, म्हणून मास्तरने ती खांबाला दोरीने बांधून ठेवली होती, गुरं बांधायच्या जुन्या काथ्याच्या दोरीने. बाय खाली बसली आणि तिने ती गाठ सोडायला घेतली. मी सोडते म्हटलं तर मला हात लावू देईना. मी आपली चाकं बघत होते. दोन्ही टायर जमिनीला चिकटलेले, एका चाकाच्या आऱ्यांत कोंबडीने घर केलेलं. बायने दोरी सोडली, हाताभोवती गुंडाळली आणि अगदी सहज म्हणाली, "गाडी तुझी. दावा माझ्याकडे रवतला."

मी चाकावरून मान वर केली. हे असं आहे तर! गाडी माझी आणि दावा तिचा. म्हणजे दुरुस्ती मी करायची, पुसायची मी, आणि उद्या हिच्या मनात आलं की ही दावा सांगून दारातून घेऊन जाणार. बाय दोरी घेऊन घरात गेली. म्हातारी माणसं सुतळीचा तुकडासुद्धा टाकत नाहीत, एवढंच तेव्हा मनात आलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याला माझ्यासारखं रागवायला जमत नाही, पण शंका काढण्यात तो माझ्याही पुढे.

"ता उघड आसा गो," तो म्हणाला. "तिना तुका ती पोसूक दिल्यान."

पोसायला देणं ही आमच्याकडची जुनी रीत. एखाद्याला गाय सांभाळणं झेपत नसेल तर तो ती दुसऱ्याच्या गोठ्यात देतो. चारापाणी त्याचं, दूध त्याचं, पण गाय मूळ मालकाची. मालक कधीही येऊन आपली गाय सोडून नेऊ शकतो. नवऱ्याने सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. बायने 'बांध' म्हटलं होतं. मोटरसायकल कोणी बांधतं का?

तरीही मी ती कुडाळच्या मेकॅनिककडे टेम्पोतून नेली, कारण शंका आपल्या जागी आणि हौस आपल्या जागी. त्याने इंजिन उघडलं, साफ केलं, टायर घातले, कुठून कुठून सुटे भाग मिळवले. टाकीला मात्र मी नवा रंग लावू दिला नाही. परत न्यायची असेल तर तिच्या आहे त्या रंगात ने, असा माझा राग होता. मग एका सकाळी त्याने मला बोलावून म्हटलं, "मारा कीक." मी डावा पाय टाकला. दुसऱ्या लाथेला ती बोलली. तोच आवाज, फाटकातून आत येणारा. मला रडू आलं, भर गॅरेजात, आणि मी ते लपवलं नाही.

त्या दिवसापासून मी ती खाडीच्या रस्त्याने रोज फिरवू लागले. मासळी आणायला, पाव आणायला, काही नसेल तर उगाच. लोक थांबून बघायचे. माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या बाईने असली गाडी हाणावी हे काहींना पटत नव्हतं, ते मला फार आवडायचं. पण एक गोष्ट मला खुपायची. मी बायच्या दारावरून गेले की ती आतून बाहेर यायची, फाटकाला हात धरून उभी राहायची आणि गाडीकडे पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत बघायची. हसायची नाही, बोलायची नाही. मला वाटायचं, ओरखडा शोधते आहे. मालकीण ना! म्हणून मी तिच्या दाराशी मुद्दाम वेग वाढवायचे.

गाडी कागदोपत्री अजून मास्तरच्या नावावर होती. मास्तरचे वारस दोन, बाय आणि तिचा मुलगा. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय ती माझ्या नावावर होणार नव्हती. बायने सही कधीच दिली होती. मुलगा पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेला, तिथे गोदामात काम करतो. तो मे महिन्यात आला, आणि मी कागद पुढे करताच त्याने आपल्या भाड्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही ठोकली. एक ओळ वाचली नाही. न वाचता सही करणारा माणूस मला कधीच सरळ वाटत नाही.

"आईक व्हरतंय, ताई," तो म्हणाला. "पावसाळ्यापुरती. हय एकटी काय करतली? नाताळाक हाडतंय परत."

बोलत होता माझ्याशी आणि बघत होता छपराकडे. मग त्याने मोबाईलवर घराचे फोटो काढले. घराचे कसले, कुंपणाचे. चारही कोपऱ्यांतून. पुढच्या काही दिवसांत मी त्यांच्या घराकडे नीट लक्ष ठेवलं. कोंबड्या वाडीतल्या कोणाला तरी दिल्या. तांब्याची भांडी बायच्या गोव्यातल्या बहिणीकडे गेली. कपाट रिकामं झालं. पावसाळ्यापुरतं जाणारं माणूस कपाट रिकामं करतं का? मला सगळं लख्ख दिसत होतं. हा हिला कायमची नेतो आहे आणि घर विकणार आहे, आणि ही बिचारी नाताळच्या गोष्टी करते आहे. "नाताळाक नेवऱ्यो करूक तू ये गो मदतीक," असं मला आत्तापासून करंज्यांचं सांगून ठेवत होती. तिला सांगावं असं फार वाटलं. पण माझ्या मनातला तो दावा मध्ये यायचा. हिने मला तरी कुठे सरळ गाडी दिली होती?

निघायच्या दिवशी सकाळी मात्र मी गेले. गाडीवरूनच गेले. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता, कारण सह्या झाल्या तरी दावा सुटत नाही हे मी कोर्टात शिकले होते, ही तिकडे गेली की तो मुलाकडे जाणार, आणि मुलगा काय चीज आहे ते मी बघितलं होतं. बाय फुलाफुलांचा झगा घालून पुढच्या पडवीत सोप्यावर, म्हणजे भिंतीला लागून बांधलेल्या बैठकीवर, बसली होती. शेजारी बॅग. मुलगा आत खिडक्या लावत होता.

"बाय," मी म्हटलं, "जावच्या आधी तो दावा सोड."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "सोडलंय मगे. तुझ्यासमोरच सोडलंय."

"तू म्हणालंस ना, दावा माझ्याकडे रवतला म्हणान?"

"रवतलाच. ता तुका कित्याक व्हया?"

"माका गाडी माझी व्हयी. पुरी. उद्या तुझो झील येवन म्हणात, आवशीचो दावा आसा."

बायने बॅगेमागे हात घातला आणि ती काथ्याची दोरी काढून मांडीवर ठेवली. "ह्या दावा गो," म्हणाली. आणि मग हसायला लागली, इतकी की झग्याच्या टोकाने डोळे पुसायला लागले.

आमच्या मालवणीत केळं म्हणजे केळा, तसंच गुराला बांधायच्या दोरीचं दावं म्हणजे दावा. मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी कोणी 'दावा हाड' म्हटल्यावर मी धावत जाऊन दोरीच आणली असेल. पण आमचा गोठा मोडून तिथे पर्यटकांसाठी बाथरूम झालं, आणि या शब्दाचा एकच अर्थ आमच्या घरात शिल्लक राहिला, तो कोर्टातला.

"गाय पोसूक दिली तर दावा वांगडा देतत," बाय म्हणाली. "परत येतली म्हणान. आणि कायमची दिली, तर दावा घराकडे ठेवतत. बरकत रवता घराची. तुझ्या बापाशीन कधी गुरा इकल्यान नाय?"

विकली होती. शेवटची गाय विकली तेव्हा बाबांनी नुसती गाय गिऱ्हाइकाच्या हाती दिली होती आणि दावं गळ्यातून काढून घेऊन खुंटीला टांगलं होतं. गिऱ्हाइकाने आपली दोरी आणली होती. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि विसरले होते. म्हणजे ज्या गोष्टीवरून मी इतके दिवस म्हातारीवर संशय धरून बसले, तीच गोष्ट सांगत होती की गाडी पहिल्या दिवसापासून माझी आहे, पोसायला नाही, कायमची; पोसायला असती तर दावंही तिच्यासोबत आलं असतं. आणि ती फाटकात उभी राहून ओरखडे शोधत नव्हती. मी दरवेळी वेग वाढवून निघून जात होते, आणि ती फक्त बघत होती.

तेवढ्यात मुलगा बाहेर आला. बॅग उचलली आणि त्याची नजर तिच्या मांडीवर गेली. "आई, ही दोरी कशाक? व्हरतंस काय?"

"नको," बाय म्हणाली. "दावा घराकडे रवता."

"बरा," तो म्हणाला आणि बॅग ठेवायला गाडीकडे गेला. त्याला कळलं नाही. इंग्लंडच्या गोदामात असले शब्द लागत नाहीत.

मला कळलं. कायमचं जातं त्याचंच दावं घरी राहतं. मी बायकडे बघितलं. ती आता हसत नव्हती. नाताळ, नेवऱ्या, पावसाळ्यापुरतं, सगळं ती मुलाच्या समाधानासाठी बोलत होती. गेले कित्येक दिवस मी हिला कोणी फसवतंय म्हणून हळहळत होते, आणि तिला मांगरात गाठ सोडली तेव्हाच सगळं माहीत होतं.

"खुटयेक अडकव गो," तिने दोरी माझ्या हातात दिली.

"घेवन जा वांगडा," मी म्हटलं. "बाय, आयक माझा. घेवन जा."

तिने माझ्या गालाला हात लावला आणि मुलाचा आधार घेऊन गाडीत जाऊन बसली. मी पडवीतल्या खुंटीला दोरी अडकवली. माझी लाल मोटरसायकल फाटकाशी उभी होती. बायने खिडकीतून तिच्याकडे बघितलं, पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत.

"नाताळाक नक्की हाडतंय तिका, ताई," मुलगा गाडी सुरू करता करता म्हणाला.

मी जन्मभर प्रत्येकाच्या बोलण्यात खोट शोधत आले. त्या सकाळी मात्र मनापासून वाटलं, की हा एवढा एक माणूस खरं बोलत असू दे. पण दावं मी माझ्या हातानेच खुंटीला टांगलं होतं.